आठ नंबरच्या मिशांवरची हळद

मी एक जुना पांढरा उंदीर आहे. जुना म्हणजे पावणेदोन वर्षांचा. तुमच्याकडे या वयाचं लेकरू अजून दुडदुडत असतं, आमच्याकडे एवढं जगणाऱ्याला म्हातारा म्हणतात. माझे डोळे लाल आहेत, त्यांना दिसतं कमी. उजवा मागचा पाय सकाळी ताठरतो. स्वभाव म्हणाल तर जरा चिडका. कुणी शेपटीला धरून उचललं की मला आजही राग येतो, आणि तो यायलाच हवा.

मित्रांनो, उंदीर म्हटलं की तुम्हाला कुरतडलेली पोती आठवतील. मी त्यातला नाही. मी जन्मात एकही पोतं फोडलेलं नाही, कारण पोतं मी पाहिलेलंच नाही. माझा जन्म पिंजऱ्यात झाला, दूरच्या एका मोठ्या शहरात, जिथे प्रयोगांसाठीच उंदीर वाढवतात. दोन महिन्यांचा झालो तेव्हा भोकं पाडलेल्या खोक्यात बसवून मला इकडे पाठवलं. आम्ही चोवीस जण होतो. रस्ताभर नुसते हादरे. वारंगा फाट्यावर गाडी थांबली तेव्हा चहाचा आणि तळणाचा वास खोक्यात शिरला, तेवढीच काय ती बाहेरच्या जगाशी माझी ओळख. मग हिंगोली जिल्ह्यातल्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात, मागच्या बाजूच्या थंड खोलीत, आम्हाला उतरवून घेतलं.

माझ्या शेपटीवर काळ्या शाईने आठ हा आकडा लिहिला गेला. तेच माझं नाव.

दिसत कमी असल्यामुळे मी माणसं वासावरून ओळखतो. त्या खोलीत तीन वास रोजचे होते. एक साबणाचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. तो मिनाचा. ती इथे शेवटच्या वर्षाला शिकत होती आणि हा प्रयोग तिचा होता. दुसरा लिंबाच्या गोळीचा, तो प्रतिक्षा मॅडमचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंचा. त्या आल्या की मिनाचा हात माझ्या पाठीवर थोडा घट्ट व्हायचा. तिसरा वास हळदीचा. तो अमृतरावांचा. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं ही कामं त्यांची. ते डोंगरकडा गावचे. घरची हळद असल्यामुळे त्यांची बोटं बारा महिने पिवळी असत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं.

आता दुखण्याचं सांगतो. लपवण्यात अर्थ नाही.

माणसांचे गुडघे वयानुसार झिजतात. हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण जातं आणि पाऊल टाकताना कळ येते. या झिजेवर औषध शोधायचं, तर आधी ती झीज कुठेतरी असावी लागते. ती आमच्या गुडघ्यात तयार करतात. मला भूल दिली, आणि जागा झालो तेव्हा उजव्या गुडघ्यात सुई टोचल्याची खूण होती. आठवडाभरात तो पाय मला परका झाला. मी अंगाचा भार डाव्यावर टाकून चालू लागलो. भुशात उभं राहून बाटलीच्या नळीला तोंड लावायचं, एवढं सोपं काम, पण त्यालाही मी दोनदा विचार करू लागलो.

मिनाच्या घरी हेच दुखणं होतं. तिचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, टेकडीवर. खालच्या विहिरीवरून घागरी वर चढवून चढवून तिच्या आईचे, मिराबाईचे, दोन्ही गुडघे गेले होते. वसमतच्या हळदीतून मिनाने एक अर्क काढला होता आणि त्याने हे दुखणं कमी होतं का, हे तिला पाहायचं होतं. भूल चढेपर्यंत ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, हे मी सांगायलाच हवं. तिला आनंद होत नव्हता.

आम्ही चोवीस जण चार वाट्यांत वाटलो गेलो. एक ते सहा धडधाकट, त्यांना काहीच केलेलं नव्हतं. सात ते बारा, म्हणजे आम्ही, आमचा गुडघा बिघडवलेला आणि रोज घशात उतरवायला फक्त डिंकाचं पाणी. तेरा ते चोवीस यांचाही गुडघा तसाच बिघडवलेला; त्यातल्या तेरा ते अठरांना बाजारातलं जुनं औषध. एकोणीस ते चोवीसांना मिनाचा हळदीचा अर्क. असे अठ्ठावीस दिवस काढायचे.

तिसऱ्या दिवशी अमृतमामा बाटल्या घेऊन उभे होते. मिना मला पाणी देत होती.

"मिनाताई, ह्या सहा जणांना काय देऊन राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"डिंकाचं पाणी, मामा."

"अन औषध?"

"यांना औषध नाही द्यायचं. हे पाण्यावर आहेत."

"काहून?"

मिनाने घड्याळ पाहिलं. राहत्या खोलीवर परतायची तिची बस निघायची वेळ झाली होती. "नंतर सांगते मामा," ती म्हणाली.

ते नंतर काही आलं नाही. मित्रांनो, पुढे जे घडलं ते सगळं या एका वाक्यातून घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिना यायच्या तासभर आधी, मामांनी आमच्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं. त्यांच्या खिशातून ज्वारीच्या भाकरीचा वास आला आणि माझे कान ताठ झाले. त्यांनी नखाएवढा तुकडा काढला, त्यावर गूळ, गुळात चिमटीभर हळद. तो माझ्या तोंडापुढे धरून ते स्वतःशीच बोलले. डोंगरकड्यात कुठेही भंडारा असला की पंगतीत वाढायला अमृतरावांनाच बोलावतात, हे मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं ते वाढत आले होते आणि त्यांच्या हातून एक पानसुद्धा सुटलेलं नव्हतं. सहा पानं कोरडी ठेवायची, हे त्यांना रात्रभर टोचत राहिलं होतं.

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू? आम्ही सहाही जणांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं, तिसऱ्या दिवशी झाकणापाशी वाट पाहत बसलो. मामा खाऊ घालताना बोटाने माझं कपाळ खाजवायचे. दहा-बारा दिवसांत माझा पाय हलका झाला. तो हळदीने झाला, गुळाने झाला, की रोज सकाळी कुणीतरी आपल्यासाठी येतं या जाणिवेने, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मला त्याची पर्वाही नव्हती.

दर आठवड्याला मिना आम्हाला एका काट्यावर उभं करायची. मागचा एक पाय एका तबकडीवर, दुसरा दुसऱ्या. कोणत्या पायावर किती भार टाकतो ते त्यावर दिसतं. पहिल्या आठवड्यात माझा जवळजवळ सगळा भार डाव्यावर होता. एकविसाव्या दिवशी दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. मिनाने काटा पुसला, मला पुन्हा उभं केलं. आकडे तेच. मग नऊ नंबर, मग दहा. तेच.

प्रतिक्षा मॅडमनी रजिस्टर पाहिलं आणि पानं मागे उलटून पहिल्या आठवड्याचे आकडे पुन्हा वाचले.

"मिना, पाण्यावरचे उंदीर आपोआप बरे होत असतील, तर तुझ्या औषधाने काय केलं हे तू सांगणार कसं?"

मिना पुन्हा काटा पुसू लागली. आम्ही बरे का झालो, याचं उत्तर मला मात्र ठाऊक होतं. ते माझ्या पोटात होतं. चार दिवसांनी, गुरुवारी, मॅडम सगळे उंदीर स्वतः तपासून रजिस्टरवर सही करणार असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनाने मला खिडकीपाशी नेलं. पांढऱ्या अंगावर हळद किती दिवस लपणार? मिशांच्या मुळाशी पिवळा डाग होता. तिने बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि ती वळली. मामा कोपऱ्यात बाटल्या धूत होते.

"मामा, याच्या तोंडाला हळद कशी?"

मामांनी बाटली खाली ठेवली. "म्या दिली."

"कधीपासून?"

"सतरा-अठरा दिस झाले. तुमी यायच्या आधी देतो. भाकरीसंगं नखभर."

"पण काहून, मामा? काहून दिली?" शहरात शिकून कमावलेली मिनाची भाषा त्या क्षणी गळून पडली.

"पंगतीत बसवायचं अन सहा जणांना कोरडं उठवायचं, हे माझ्या हातून व्हत न्हाई, ताई. दुखणं तर अठराजणांना बराबर वाढलं तुमी. मंग औषध काहून न्हाई वाढलं?"

मिना स्टुलावर बसली. तिचं वर्ष, तिची पदवी, तांड्यात तिच्या नावाने चाललेलं कौतुक, सगळं माझ्या मिशांवरच्या त्या डागात अडकलं होतं. मग ती उठली. तिने ओला कापूस घेतला आणि माझ्या मिशा पुसल्या. एकदा, दोनदा, चारदा. सहाही जणांच्या पुसल्या.

"आता देऊ नका," ती म्हणाली. "आणि हे कुणाला बोलू नका."

मामांनी मान हलवली, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

मला तिचा राग आला. पुढचे तीन दिवस मी तिच्याकडे पाठ करून बसलो. माझ्या गुडघ्यात जे घातलं गेलं, ते एका कारणासाठी घातलं गेलं होतं. त्यातून काहीतरी खरं कळावं, म्हणून. ते खरं आता कापसाच्या बोळ्यासोबत टोपलीत गेलं होतं. तिने कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं. त्यात आधीच्या कुणा विद्यार्थ्याच्या प्रयोगातल्या पाण्यावरच्या सहा उंदरांचे आकडे होते, दुखण्याचे, नीट, हवे तसे. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून ती नुसती बसून राहायची. ते आकडे आपल्या रजिस्टरात उतरवायला पेन उघडायची, न लिहिताच बंद करायची. टोपणाचा तो आवाज मला अजून आठवतो.

मामा सकाळी यायचे, भुसा बदलायचे आणि खिशाला हात न लावता जायचे. आम्ही झाकणापाशी जमायचो. तिसऱ्या दिवशी माझा पाय पुन्हा दुखू लागला.

गुरुवार उजाडला. मॅडम यायच्या थोडं आधी मिनाचा फोन वाजला. हातात मोजे होते म्हणून तिने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. पलीकडे मिराबाई होती. मायलेकी आपल्या बंजारा बोलीत बोलत. मी ते तुम्हाला मराठीत सांगतो, फक्त आईला ती याडी म्हणायची तो शब्द तसाच ठेवतो.

"कधी येणार तुझं औषध?" मिराबाईने विचारलं.

"याडी, अजून वेळ आहे. तू दवाखान्यातल्या गोळ्या घे."

"त्या सोडल्या म्या. आठ दिस झाले."

"सोडल्या? कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणी कशाला सांगंल? माझी पोरगी औषध करून राहिली, मंग लोकाच्या गोळ्या कशाला खाऊ? शेजारच्या शिलालाबी सांगितलं म्या, तिचाबी गुडघा गेलाय. मिना लिहील ते खरंच राहील म्हणलं."

"ऐकू येतंय का गं?" असं मिराबाई दोनदा म्हणाली. मग दाराशी लिंबाचा वास आला आणि मिनाने फोन बंद केला.

प्रतिक्षा मॅडमनी एकेक पिंजरा पाहिला. मला उचललं, गुडघा चाचपला तसा मी दुखून पाय ओढून घेतला, मग तोंड उजेडाकडे फिरवलं. मिशा स्वच्छ होत्या. दात पिवळे होते, पण ते आम्हा सगळ्यांचे उपजतच पिवळे असतात. मॅडमनी मला खाली ठेवलं. "काट्यातच दोष होता म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि सहीसाठी रजिस्टर ओढलं.

"मॅडम, सही करू नका," मिना म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. हळद, भाकरी, पुसलेल्या मिशा, जुनं रजिस्टर. काही मागे ठेवलं नाही. मामा दारात उभे राहून ऐकत होते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि रजिस्टर मिटलं. "हे सहा तर गेलेच," त्या म्हणाल्या. "आणि यांच्याशी ताडून पाहता येत नसेल, तर उरलेल्या अठरांच्या आकड्यांनाही अर्थ नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला लेखी कळवायचं. त्यांनी परवानगी दिली तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चोवीस."

पुन्हा चोवीस. तो आकडा ऐकला आणि भाकरीची चव माझ्या तोंडात कडू झाली. आणखी चोवीस खोक्यात बसणार होते, त्यातल्या अठरांच्या गुडघ्यात सुई जाणार होती. त्यांनी कुणाचं काय खाल्लं होतं?

मामा आत आले. "चूक माझी हाय, मॅडम. मला कामावरून काढा, पर आणखी चोवीस लेकरं आणू नका."

"मामा, पाण्यावरचे सहा कशासाठी असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मी सांगायला पाहिजे होतं," मिना म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं."

"मीही कधी सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मिनाने मामांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर उभी राहिली. औषध न देता काय होतं हे दिसलं, तरच औषधाने काय झालं हे कळतं, एवढंच तिने सांगितलं. मामा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आमी हळदीत करतो तसं. नवं खत आणलं की दोन सऱ्या कोऱ्या सोडतो. त्याबिगर खताचा गुण कसा कळंल?"

"तसंच, मामा."

"हे तवाच सांगितलं असतं, ताई, तर म्या खिशात हातबी घातला नसता."

मिनाने मान खाली घातली. त्या दिवशी संध्याकाळच्या बसने ती तांड्यावर गेली, आईला पुन्हा गोळ्या सुरू करायला लावायला. शिलाच्या घरीही गेली, असं दुसऱ्या दिवशी ती मामांना सांगत होती.

आमचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते मला फार वेळ सांगवत नाही. तेवीस जणांना भूल देऊन कायमचं झोपवलं. मला तेवढं ठेवलं. मी हातात शांत बसायचो, म्हणून नव्या मुलांना उंदीर धरायचा कसा हे माझ्यावर शिकवायचं ठरलं. मामांनी अठरा दिवस माझं कपाळ खाजवलं होतं, त्याचा हा फायदा. आज पहिल्या वर्षाची मुलं मला शेपटीला धरून उचलतात, मी चिडतो, आणि मामा ओरडतात, "अंगाखाली हात घाला, अंगाखाली."

समितीची परवानगी यायला चार महिने लागले. नवे चोवीस आले. माझ्या पिंजऱ्याजवळच त्यांचे पिंजरे लागले. त्यांच्यातही एक आठ नंबर होता. पाण्यावरचाच.

मी त्या अठ्ठावीस दिवसांत नीट झोपलो नाही. मामा रोज सकाळी त्या सहा जणांपुढे थांबायचे. त्यांच्या खिशात भाकरी असायची, मला वास यायचा. नवा आठ नंबर उजवा पाय उचलून झाकणापाशी यायचा. मामांचा हात खिशाकडे जायचा आणि तिथेच राहायचा. एकदा हात खिशात गेलासुद्धा. मी जाळीला दात लावून उभा राहिलो. मग ते माझ्याकडे आले आणि भाकरी माझ्यापुढे टाकली. बिनहळदीची. ती मी नव्या आठ नंबरकडे पाठ करून खाल्ली. दुसरं काय करणार होतो?

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचे आकडे लिहून झाले. आकडे काय आले, औषधाने गुण दिला की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. जे आले ते मिनाने तसेच लिहिले, खाडाखोड न करता. तेवढं मी टोपणाच्या आवाजावरून सांगू शकतो. ते एकदाच उघडलं आणि एकदाच बंद झालं. आता फक्त त्यांना झोपवायचं उरलं होतं.

"मॅडम, एक विचारू?" मामा म्हणाले. "आता मोजणं झालं. आता काही वाढलं तर तुमच्या कामात तकलीफ व्हईल का?"

मॅडमनी विचार केला. मिनाकडे पाहिलं. "गूळभाकरी चालेल. हळद नको. पण द्यायचं तर चोवीसही जणांना, सगळ्यांना सारखं. आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद करा."

मामांनी हात धुतले. टोपी डोक्यावर नीट बसवली, पंगतीत वाढायला उतरतात तशी. एक नंबरपासून सुरुवात केली. प्रत्येकापुढे नखाएवढा तुकडा, त्यावर गूळ. धडधाकटांना, औषधवाल्यांना, हळदीवाल्यांना आणि पाण्यावरच्या सहा जणांना. कुणाला पुढे नाही, कुणाला मागे नाही. मिना मागून ताट धरून चालत होती. नवा आठ नंबर तुकडा दोन्ही हातांत धरून खात होता, आणि त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या.

शेवटी मामा माझ्याकडे आले. मला एक तुकडा दिला. ताटात एक उरला होता, तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. वाढणारा शेवटी जेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा गुडघा दुखत असेल आणि ती व्यक्ती औषधाची गोळी पाण्यासोबत घेत असेल, तर त्या गोळीमागे कुठेतरी असे सहा जण होते हे लक्षात ठेवा. आमच्यासाठी रडू नका. पण जिथे आम्हाला ठेवलं असेल तिथे आम्हाला हळुवार धरा, गरजेपेक्षा एकही जास्त आणू नका, आणि जो आमचा भुसा बदलतो त्याने काही विचारलं तर बसची घाई असली तरी उत्तर द्या. आमच्याबद्दल जे लिहाल ते खरं लिहा.

दुपारी त्या चोवीस जणांना नेलं. मामांनी रिकामे पिंजरे धुतले आणि माझं झाकण उघडून, बराच वेळ, माझं कपाळ खाजवत उभे राहिले.